गोपीनाथरावांची लेन

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टमध्ये शिरल्यावर बटण दाबण्याआधी भिंतीला तळहात लावून मोटर कशी चाललीय ते बघणारा माणूस एकच, गोपीनाथ भाटकर. रत्नागिरीचे. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर, त्यातली शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून. माझं दार त्यांच्या दाराला लागून, त्यामुळे त्यांचं सगळं मला माहीत असतं. त्यांच्या घरातला मिक्सर बिघडला तरी आवाजावरून मला कळतं, आणि दुरुस्त झाल्यावर तो आधीपेक्षा दुप्पट ओरडतो हेही कळतं.

शहाण्णवच्या डिसेंबरात त्यांनी जहाज सोडलं. लोकांना वाटलं, तब्येत. तसं काही नव्हतं. मुलगी अनुजा सहाव्या वर्षापासून पोहते, पदकं ठेवायला घरात जागा नाही आणि बापाने तिची एकही शर्यत पाहिलेली नाही. शर्यत असली की हे डर्बनला, नाहीतर रॉटरडॅमला. पोरगी सतराची झाली. पुढच्या वर्षी शिकायला ऑस्ट्रेलियाला जाणार. बायकोला, रत्नाला, त्यांनी सरळ सांगितलं, "एक तरी शर्यत मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय." अनुजाचंच कॉलेज बुओना व्हिस्टाच्या बाजूला टेकडीवर होतं. तिथे इमारती आणि यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता. पगार जहाजाच्या निम्माही नव्हता, पण गोपीनाथराव उड्या मारत रुजू झाले.

आता या कॉलेजचं सांगायला हवं. त्याच टेकडीवर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरं कॉलेज होतं. दोघांत कोण जास्त थाटाचं यावरून असं काही पेटलं होतं की लग्नातल्या विहिणी बऱ्या. समोरच्यांनी धावपट्टीवर जर्मन रबर घातलं, तर आमच्यांनी त्याहून जाड इटालियन घातलं. ते इतकं महाग होतं की त्यावर बूट घालून धावायला बंदी आली आणि पोरं बिचारी बाहेरच्या फुटपाथवर धावायला लागली. समोरच्यांनी खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत चामडी खुर्च्या मांडल्या, आमच्यांनी तिथे मत्स्यालय बसवलं. मग दोघांनीही सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, बांधल्या. सिंगापुरात, जिथे बसस्टॉपवर उभं राहिलं तरी सॉना फुकट मिळतो. आमचे प्रिन्सिपॉल तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दुर्बिणीने समोरचं बांधकाम बघत, हे मला अनुजाने सांगितलं आणि मी आधी विश्वास ठेवला नाही. पुढे मी ती दुर्बीण पाहिली. चांगली महागातली होती.

गोपीनाथराव रुजू झाले त्याच महिन्यात ठरलं की पोहण्याचा तलाव नव्याने करायचा. समोरच्यांनी तलावाला काचेची भिंत केली होती ना. मग आमच्याकडे धबधबा हवा, पाण्याखाली ऐकू येणारं संगीत हवं, सूर मारायच्या चौथऱ्यांवर दिव्यांचे आकडे हवेत आणि पाहुण्यांसाठी थंडगार काचेची गॅलरी हवी. जानेवारीत तलाव रिकामा केला. आठ महिने कॉलेजच्या पोहणाऱ्यांना पोहायला पाणीच नव्हतं.

अनुजा पहाटे टोआ पायोच्या सार्वजनिक तलावात जायची. तिथे निवांत तरंगणाऱ्या म्हाताऱ्या आज्यांना चुकवत ती वळणावळणाने पोहायची. एका संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन धाडकन खुर्चीत बसली. "मावशी, they build and build, then nobody can swim lah," म्हणाली. "बाबाला काही बोलता येत नाही. तो नुसता पंपाला हात लावून बसतो."

पण ते नुसते बसले नव्हते. या सगळ्या थाटाला वीज किती लागणार याचा हिशेब फक्त त्यांनीच केला होता. त्यांनी प्रिन्सिपॉलना सांगितलं की सगळं एकदम चालू केलंत तर भार झेपणार नाही. प्रिन्सिपॉल म्हणाले, समोरच्यांचं झेपतंय. विषय संपला. मग गोपीनाथरावांनी जहाजावरचा उपाय काढला. जहाजावर जनरेटरला भार जड झाला की चैनीच्या गोष्टी आपोआप आधी बंद पडतात आणि सुकाणू, पंप शेवटपर्यंत चालत राहतात. तशी जोडणी त्यांनी कॉलेजात केली. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी दोन याद्या केल्या. जगायला लागणारं: तलावाचे पंप, पिण्याचं पाणी, वेळ मोजणारं घड्याळ. चैनीचं: धबधबा, संगीत, गॅलरीचा एसी, रंगीत कारंजं, चौथऱ्यांवरचे आकडे. मी विचारलं, अहो, आकडे चैनीचे कसे? ते म्हणाले, पोहणारीला आपली लेन ठाऊक असते. प्रिन्सिपॉलनी दोन्ही याद्यांवर न वाचता सही केली.

ऑगस्टच्या शेवटी उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी दोन कॉलेजांमधली शर्यत. अनुजाची सिंगापुरातली शेवटची. सकाळी निघताना तिने बापाला बजावलं, शंभर मीटर फ्रीस्टाइल, लेन पाच, वर येऊन बघायचं. ते हो म्हणाले. रत्ना आणि मी ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. समोरच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलबाईंना मुद्दाम काचेच्या गॅलरीत पहिल्या रांगेत बसवलं होतं, जळायला सोयीचं व्हावं म्हणून. आमच्या प्रिन्सिपॉलनी कळ दाबली. धबधबा कोसळला, कारंजं लाल-हिरवं झालं, पाण्याखाली व्हायोलिन वाजलं, आणि पुढच्या मिनिटाला सगळं थांबलं.

एसी गेला. काचेच्या गॅलरीत पाच मिनिटांत भाताच्या कुकरसारखी वाफ धरली. कोट काढत, रुमालाने मानेला वारा घालत सगळे मोठे लोक दार ढकलून बाहेर आले आणि तलावाच्या काठाशी उभे राहिले. समोरच्या बाईंनी चपला काढून पाण्यात पाय सोडले. आयुष्यात पहिल्यांदा हे लोक पोहणाऱ्यांच्या इतके जवळ आले असतील. पंप चालू होते, घड्याळ चालू होतं, पाणी निळंशार होतं. पंचांनी थोडी कुजबूज केली आणि शर्यत ठरल्या वेळी होणार असं जाहीर केलं. मला इतकं हसू येत होतं की रत्नाने माझा दंड चिमटीत धरला.

पण गोपीनाथराव कुठे होते?

मी धावत खाली पंपघरात गेले. हे महाशय पंपाला तळहात लावून, कान देऊन, समाधीत उभे. जहाज बंदरात शिरताना किंवा निघताना चीफ इंजिनियरने इंजिनरूम सोडायची नाही, ही सव्वीस वर्षांची सवय. मोठी वेळ आली की पाय आपोआप खाली जातात. आजची मोठी वेळ वर होती हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला असा संताप आला की मी साडी नेसलेय हे विसरून त्यांची बाही धरली आणि म्हटलं, "जहाज बंदराला लागलंय. आता वर चला, नाहीतर मी हा पंपच बंद करीन." पंपाचं नाव काढल्यावर हलले.

आम्ही वर पोचलो तेव्हा मुलींनी सूर मारलेला होता. आठ डोकी पाण्यात, चार लाल टोप्यांची आमची, चार पांढऱ्यांची त्यांची. चेहरे दिसत नव्हते. चौथऱ्यांवरचे आकडे विझलेले. गोपीनाथराव क्षणभर थबकले, बोटाने काहीतरी मोजलं आणि उजव्या काठाने धावत सुटले. गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. "चल माझी बाय, ओढ, ओढ." परतीच्या फेरीतही तसेच, तिच्या बरोबरीने. आजूबाजूचे कोट काढलेले साहेब बघायला लागले, मग त्यांच्यातले दोघे-तिघेही ओरडायला लागले. कुणासाठी ते त्यांना ठाऊक नसावं. रत्ना रडत होती, मीही ओरडत होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते ज्या मुलीच्या बरोबरीने धावताहेत ती सगळ्यांच्या मागे आहे.

जहाजावर कंटेनरच्या रांगा काठापासून मोजत नाहीत, मधून बाहेर मोजतात. विषम आकडे उजवीकडे, सम डावीकडे. त्या हिशेबाने त्यांची पाच नंबरची रांग उजव्या काठाजवळ पडली आणि तलावात लेन उजव्या काठापासून मोजतात, म्हणून तिथे होती लेन दोन. अनुजा मधोमध, पाचमध्ये, दुसरी आली होती. लेन दोनमधली किडकिडीत चिनी मुलगी शेवटची आली, पण घड्याळाकडे बघून ती पाण्यातच नाचायला लागली. तिने स्वतःची वेळ तीन सेकंदांनी कमी केली होती. नंतर तिने विचारलंदेखील, ते अंकल कोण. तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं, आईवडील हॉकर सेंटरमध्ये आपल्या खाण्याच्या स्टॉलवर होते.

गोपीनाथरावांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. ते ओल्या फरशीवर मटकन बसले. अकरा वर्षं थांबून शेवटी पाहिली ती दुसऱ्याची मुलगी.

अनुजा टॉवेल गुंडाळून आली. तिला कुणीतरी आधीच सांगितलं असावं. मला वाटलं आता ही रडेल किंवा भडकेल. ती बापासमोर उकिडवी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, दोन्ही डोळे उघडे ठेव. आणि मोजू नकोस, मी दाखवते."

मागे प्रिन्सिपॉल मेणबत्तीसारखे ताठ उभे राहून माइकशिवाय आभाराचं भाषण करत होते. अनुजा टॉवेल फेकून पाचव्या चौथऱ्यावर चढली, बापाकडे बोट करून एकदा हात हलवला आणि सूर मारला. पूर्ण शंभर मीटर, एकटी. भाषण थांबलं, पण ती थांबली नाही. गोपीनाथराव काठाने चालत होते, तिच्यावरून नजर न काढता. ती परत आली आणि भिंतीला हात लावला तेव्हा ते गुडघ्यांवर बसून तिचा ओला हात आपल्या तळहातांत धरून राहिले.

"डावा हात जरा उशिरा येतो तुझा," ते म्हणाले.

"माहितेय," अनुजा म्हणाली. "आतापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं."