भंगारात गेलेली गाडी
डिझेलने पुसलेल्या लोखंडाचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. देवपुरातलं आमचं गॅरेज मी आणि थोरला भाऊ चालवतो. गाड्यांचे निकामी डिझेल फिल्टर आडवे करून मी खेळण्यातल्या मालगाडीचे तेलाचे टँकर बनवायचो. चाकांच्या जागी जुनी बेअरिंग, जोडायला क्लच केबलच्या तारेचे हूक. तीन वर्षं खपून अकरा डबे झाले होते, ते गॅरेजच्या माळ्यावरच्या छोट्या रुळांवर एका छोट्या इंजिनामागे धावायचे. खंडेनवमीला अवजारांची पूजा, म्हणून भावाने मी बाहेर गेलेलो असताना गॅरेज झाडून काढलं. परत आलो तर पान्यांना झेंडूची फुलं वाहिलेली आणि माळा रिकामा! "बठ्ठं भंगार दी टाकं," सगळंच भंगारात दिल्याचं तो उदबत्ती ओवाळत म्हणाला, "आते कसं चकाचक शे!" फुलांसकट पाना उचलून त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं. तडक भंगारवाल्याकडे गेलो. एक डबा त्याने घणाने चेपला होता, पण बाकीचे दहा इंजिनामागे हुकात हूक अडकवून फळीवर ओळीने मांडले होते. "ही ते रेल्वे शे," तो म्हणाला, "इले कोनी तोडस का?" आणि माझ्या सख्ख्या भावाला रोज डोक्यावर धावणारी गाडी तीन वर्षांत दिसली नव्हती! गाडी मी परत आणून माळ्यावर लावली; आता भाऊच पाहुण्यांना माळ्यावर आणतो, "आमच्या घरची रेल्वे" म्हणून मिरवतो. तो चेपलेला डबा मी अजून सरळ केलेला नाही. पाहुणे आले की इंजिनाला पहिला तोच जोडतो.