मासे मरत नव्हते

चिडल्या की बाईंचा आवाज खाली जायचा. आधी चाकणच्या कंपनीत होतो, तिथं सुपरवायझर ओरडायचा, त्याची सवय होती मला. बाई नुसत्या पुटपुटायच्या, त्याचीच धास्ती जास्त वाटायची.

तळवड्याच्या एका संस्थेत त्या संशोधन करायच्या. एखादं जनुक बिघडलं तर मेंदू कसा घडतो, हे बोटाएवढ्या झेब्रा माशांत बघायच्या. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. टाक्या धुणं, खाणं घालणं, मासे मोजणं माझ्याकडं. पहिल्याच दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखं पिल्लू दाखवलं. "हा मेंदू. काल एवढा नव्हता."

"मला काय कळतंय बाई?"

"डोळे आहेत ना? मग कळतंय."

असं मला आधी कुणी म्हणालं नव्हतं.

सात वर्षं बाई कंत्राटावरच होत्या. अखेर कायम जागेची मुलाखत आली, आणि त्याच आठवड्यात त्या हसत हसत टाक्यांपाशी आल्या. "गजाननराव, जनुक बिघडलंय तरी तुमचे मासे मरत नाहीत! शोधनिबंध छापायला पाठवलासुद्धा."

मासे मरत होते. कंपनीत नग कमी भरला की शिव्या बसायच्या. त्याच धाकानं, एक मेला की शेजारच्या निरोगी माशांच्या टाकीतला एक टाकून मी आकडा जुळवायचो. रडत रडत बाईंना सगळं सांगितलं.

आवाज खाली गेला. "मेलेला मासा लिहायची लाज वाटली? अहो, तो मेला, हेच तर मला हवं होतं!"

मला घेऊन त्या संस्थेच्या संचालकांकडं गेल्या, निबंध मागं घेते म्हणाल्या. संचालक म्हणाले, "मॅडम, आधी मुलाखत होऊ द्या, मग बघू. आणि त्या नववी नापासाला हाकला."

"नापास नाही, शाळा सोडलीय. मोजायचं कशासाठी, हे मीच त्यांना सांगितलं नाही. चूक माझी."

त्यांनी निबंध मागं घेतला. मुलाखतीतही तेच सांगितलं. संचालक मान डोलवत राहिले आणि जागा आपल्या विद्यार्थ्याला दिली. खऱ्याची एवढीच किंमत! वर मलाच म्हणतात, "नशीब समज, तुझी नोकरी राहिली."

बाईंचं कंत्राट संपलं. निघताना त्यांची खोकी मीच रिक्षात ठेवली. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "खाणं वेळेवर घाला," आणि बसल्या.

माझा राग जात नाही. संचालकांवर आहे, माझ्यावर आहे. आणि खरं सांगतो, थोडा बाईंवरही आहे. त्यांनी एकदा तरी मला म्हणायचं होतं, "तुमच्यामुळं गेलं." मी सुटलो असतो.