ड्रमचे नवे स्टँड

आमच्या बँजो पार्टीच्या ड्रमचे सगळे स्टँड माझ्या मुलाने एकदम बदलले. झिजला होता फक्त एकाचा स्क्रू. बाकीचे त्याच्या बापाच्या वेळेपासून उन्हात, चिखलात, टेम्पोत आदळत उभे होते. "आई, सगळे एकसारखे दिसायला हवेत," म्हणाला आणि जुने भंगारात घातले. माझं डोकंच फिरलं. माझाही एक गुडघा गेलाय, पण हात अजून भाकऱ्या थापतात. एक मोडलं की सगळंच टाकायचं, ही कसली रीत?

आज खंडेनवमी. वाद्यांच्या पूजेला ते चकचकीत स्टँड मांडून सून म्हणाली, "आई, कुंकू लावा."

मी करंडा तिच्याकडे सरकवला. "तूच लाव. एक लग्नसराई उभ्याने काढू देत त्यांना, मग मी लावेन."