दत्ताचं उसाचं चित्र घेऊन महाबळेश्वरला

महाबळेश्वरला लोक थंड हवा खायला जातात. सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात आम्ही दोघं गेलो ते एका समीक्षकाची मर्जी मिळवायला. स्वारी मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणार होती, आणि मुंबईत उकडतं म्हणून निवड डोंगरावर चालली होती.

चित्र माझ्या मित्राचं, दत्ताचं. लष्करातून परतून आष्ट्याला ऊस लावणारा हा गडी छावणीच्या वाचनालयात फ्रेंच निसर्गचित्रांचं पुस्तक बघून बिघडला होता. त्याचं चित्र जवळून नुसते ठिपके. लांबून ऊस, धूर आणि उजेड. "घेतलं तर काढीन, न्हाई तर ब्रश ठेवला," असं त्यानं घरात सांगून टाकलं होतं. मी सांगलीत ड्रॉइंग मास्तर, तेव्हा अर्थ सांगायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

सांगलीहून पहाटेची एस.टी. धरावी. दत्ता आष्ट्याला चढला, चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन. "आरसा हाय व्हय? फुटला तर आमच्या नावानं बोंबलू नका," कंडक्टर म्हणाला. कराडच्या स्टँडवर चहा पिऊ नका, ती गरम पाण्याची थट्टा होती. साताऱ्याला गाडी बदलायची. वाईपुढे पसरणीचा घाट लागतो, तिथे मागच्या बाकावर बसू नये. आम्ही बसलो होतो.

वर टॅक्सी केली. ड्रायव्हर वाळव्याकडचा, म्हणजे दत्ताच्याच भागातला निघाला, म्हणून भाड्यात थोडी सूट मिळाली.

समीक्षक हॉटेलच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पसरले होते. जन्मात उसाचं कांडं सोललं नसेल! मी सुरू केलं. ही सांज, या जांभळ्या सावल्यांत कष्टकऱ्याची उदासी, वगैरे. दहा मिनिटं बोललो. दत्ता सावधान उभा.

"सांज म्हणता?" समीक्षक जांभई देत म्हणाले. "मग पानं अशी रुपेरी कशी? तुमच्या मित्रानं संध्याकाळ कधी पाहिलेलीच नाही."

चित्र परत.

टॅक्सीपाशी आम्ही चादर गुंडाळत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर चित्रावर वाकला. "आवं मास्तर, ह्यो तर गुऱ्हाळाचा धूर! पहाटंच्या रसाचा पहिला गूळ उतरतोय. लय आनंदाची येळ असती ही."

"सकाळ कशावरून?"

"पाल्यावर दव हाय न्हवं. सांजंला कुठनं दव?"

मी दत्ताकडे वळलो. "सकाळ आहे?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू शिकलेला मास्तर. मला वाटलं, चित्रात सकाळलाच सांज म्हणत असतील."

मी पळत हॉटेलात गेलो. "साहेब झोपलेत, चारनंतर या," हॉटेलचा नोकर म्हणाला. मागून आलेला दत्ता म्हणाला, "चारला आपली गाडी हाय. चल रं." खरं सांगतो, थांबता आलं असतं. चूक कबूल करायची लाज वाटली आणि मी गाडीचं निमित्त धरलं.

तुम्ही जाल तेव्हा घाट, हवा, वाटेतले साताऱ्याचे पेढे सगळं छान असेल. दत्ता फौजी माणूस, त्यानं शब्द पाळला, पुन्हा ब्रश हातात घेतला नाही. त्या समीक्षकाला मी आजही शिव्या देतो. पण त्याला निदान पानं रुपेरी दिसली होती. मला तीही दिसली नव्हती.

चित्र दत्तानं मलाच देऊन टाकलं. पाहुणे त्याचा अर्थ विचारतात, तेव्हा मी चहा टाकायला आत जातो.