एक गोटी, मग बाजूला

पुरुषांना वर्षभर, बायकांना एक दिवस. बोईसरच्या ज्या कारखान्यात आई पॅकिंगला होती, तिथल्या करमणुकीच्या हॉलचा हा नियम. कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कुणाला खोडताही आला नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की हॉल बायकांना उघडा. तिथे एक जुनं पिनबॉल होतं: काचेखाली उतरता रंगीत पाट, स्प्रिंगच्या दांड्याने उडवायची पोलादी गोटी, ठोकर बसली की घंटा आणि फिरणारे आकडे. पॅकिंगच्या बायका रांग लावायच्या. एक गोटी खेळायची, मग डावीकडे बाजूला व्हायचं. सगळ्यांना मिळायला हवं ना!

पुढे कारखाना बंद पडला, असं सगळे म्हणतात. पडला नाही, बंद केला. हॉलच्या जागी गोदाम आलं. भंगारात निघालेलं पिनबॉल आईने बेटेगावला आमच्या पडवीत आणून ठेवलं. काही वर्षं वाजलं, मग मुकं झालं. यंदा ती म्हणाली, "दसऱ्याला चालू कर गं. एकदा वाजू दे."

आई कधी काही मागत नाही. म्हणून हे मागणं टाळता येईना.

बोईसरहून मोटर वाइंडिंगवाला आणला. त्याने खालून डोकावल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "मोटर गई. बदल दो." आतली ही छोटी मोटर गुण चढवते. गोटीची ठोकर बसली की तिने एक पूर्ण फेरी मारायची. आमची नुसती हुंकार देऊन अर्ध्यात थांबायची. तशी दुसरी मोटर शोधता शोधता पावसाळा संपला. बसवली. गोटी सोडली. नवी मोटरही हलली आणि अर्ध्यात थांबली.

"हिला पण तोच रोग?" आई म्हणाली.

वाइंडिंगवाला परत आला. दोन वायरी थेट मोटरीला लावल्या, तर ती गरागरा फिरली. "मोटर तो फर्स्टक्लास है. मशीन में भूत है."

"मग भूत उतरवायचं काम पण घेतोस काय?" आईने विचारलं. तो हसत निघून गेला.

भूत कसलं! थेट जोडून फिरते, यंत्रातून फिरत नाही, म्हणजे वीज वाटेत अडते. पहिला झटका गोटीच्या ठोकरीतून मिळतो. पुढे फेरी पुरी व्हायला मोटरीशेजारच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकाव्या लागतात. वरून बघता टेकत होत्या. बॅटरी मारून बघितलं तेव्हा मधे तांबडं, वाळून कडक झालेलं काहीतरी दिसलं. नख लावलं. कुंकू.

"आई, आत कुंकू कुणी लावलं?"

"आमी सगळ्यांनी." ती जराही ओशाळली नाही. "काचेला काय लावायचं? कष्ट तर आत चाललेले. पुढचं दार उघडून हात घालायचो, बोट लागेल तिथं लावायचो. तेलात कालवून, म्हंजे उडत नाय."

"अगं, ते वाळून पट्ट्यांत अडकलं, त्यानेच बंद पडलंय हे!"

"मग कारखाना कशाने बंद पडला? त्याला तर साहेब कुंकू लावायचे."

  

घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पट्ट्यांत सरकवला, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब." वाकून बराच वेळ बघत राहिली. कितीजणींची बोटं होती त्या थरात. एक वापीला गेली, एक वाणगावला भावाकडे, एकीचा फोन लागत नाही.

"अडतंय तेवढंच काढ. आनि जुनीच मोटर बसव. तिच्यावर पण हाय आमचं."

कोनाड्यातली जुनी मोटर काढली. अंगभर तांबडे ठिपके. बिघडलेली ती कधी नव्हतीच. कुणी तपासलं नव्हतं, नुसतं काढून टाकलं होतं. आईच्या कारखान्यात माणसांच्या बाबतीत ही पद्धत मी पाहिली होती. माझ्याच पडवीत ती पाहून चीड आली. तीच मोटर परत बसवली.

दसऱ्याला आईने यंत्राला झेंडूचा हार घातला, दांडा ओढला. गोटी वर गेली, ठोकरली. मोटरीने अख्खी फेरी मारली. घंटा अशी वाजली की शेजारची दारं उघडली. आईने गोटी खूप वेळ खाली पडू दिली नाही. ओठ दाबलेले, खांदे पुढे. शेवटी पडली. यंत्राने दुसरी गोटी वर आणून ठेवली.

आई पदराला हात पुसत डावीकडे सरकली आणि उभी राहिली.

"खेळ की," मी म्हटलं. "आता रांगेत आहेच कोण?"

"माझी झाली," ती म्हणाली, फाटकाकडे बघत.