साडूंच्या मालकाचं पाकीट

लेबर ऑफिसात साहेबांसमोर मी तोंड उघडलं, इथेच चुकलं. आमच्या संपाची बोलणी चालू होती. बोलायला युनियनचे लोक होते. मी मागच्या बाकावर नुसता संख्येला. पण आमचा मॅनेजर "संपाच्या दिवसांचा पगार नाही" म्हणाला आणि मी उठलोच.

"साहेब, आमच्या साडूंचे मालक देतात की."

साडूंची कंपनीही तळोज्यातच, आमच्यापासून दोन रस्ते सोडून. संप त्यांचाही होता. पण कसलेले कामगार दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून दर शनिवारी त्यांचा सुपरवायझर स्कूटरवरून पनवेलात येऊन घरोघरी गुपचूप पाकीट पोचवायचा. संपात माझे गाल बसले (पोट तेवढं निष्ठेनं जागेवर राहिलं), साडू मात्र चक्क उजळले. बसल्या बसल्या त्यांनी हॉलला रंग काढला. रंगही नेमका मला आवडलेला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "करार चालू असताना संप केलात, म्हणून तुमचा बेकायदा. त्यांचाही तसाच असेल, तर त्याला जाणूनबुजून पैसा पुरवणं गुन्हा आहे. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीचं नाव सांगा."

खरं सांगतो, नाव अगदी जिभेवर आलं होतं. साडूंच्या दारात स्कूटर न थांबलेला शनिवार मला दिसला, आणि तो मला फार आवडला. मग पोलिसांच्या गाडीत बसलेला त्यांचा मालक दिसला. तो तितका आवडला नाही.

"माहीत नाही, साहेब."

"सख्खे साडू कुठे कामाला आहेत, ते माहीत नाही?"

शेजारी म्हणालो असतो, ओळखीचे म्हणालो असतो, तर निभावलं असतं. मी साडू म्हणून बसलो होतो.

"आमचं बोलणं नाही."

"हे मात्र पटतं," म्हणत साहेबांनी पेन उचललं. सगळे हसले. आमचा मॅनेजरसुद्धा.

घरी आल्यावर ही हकिगत मी बायकोला जरा शौर्य मिसळून सांगितली. साडूंची रोजीरोटी मी कशी वाचवली वगैरे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं केलंत. त्या पाकिटातलं निम्मं ताई दर रविवारी मला आणून देते. तुम्हाला काय वाटलं, आपलं घर तुमच्या घोषणांवर चाललंय?"