बिनशब्दांचं कडवं

“म्हातारा शब्द विसरला वाटतं,” माझ्या मागच्या बाकावरची बाई शेजारणीच्या कानाशी म्हणाली. तिची कुजबुज दोन बाकं पुढं सहज पोचत होती.

पुढं पेटीवर काकांची बोटं चालली होती. तोंड मिटलेलं, डावा हात भात्यावर, सावकाश. अंबरनाथच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये त्या रविवारी हंगामाचा सण होता. वेदीसमोर भोपळे, तांदळाच्या पिशव्या, केळ्यांचा घड आणि पाय बांधलेली एक कोंबडी असं सगळं मांडलेलं. उपासना संपली की त्याचा लिलाव व्हायचा, म्हणून पाहुणेही बरेच आले होते. मागची बाई पाहुणीच असणार. आमच्यापैकी कुणी असं म्हटलं नसतं. काका काही विसरले नव्हते. ते कडवं तसंच होतं.

मागं वळून तिला तेवढं सांगावं असं मनात आलं आणि मनातच राहिलं. माझं बरंचसं तिथंच राहायचं.

आम्ही मुलं त्यांना पेटीवाले काका म्हणायचो. मोठी माणसं मास्तर म्हणायची, पण ते कुठल्या शाळेत नव्हते. उल्हासनगरला एका सिंधी सेठच्या कापडदुकानात ते काउंटरवर होते. दिवसभर ठाण उलगडायचे आणि गिऱ्हाईक ‘नंतर येतो’ म्हणून गेलं की पुन्हा गुंडाळायचे. रविवारी दुकान चालू असायचं, पण सेठनं त्यांना दुपारपर्यंत मोकळं सोडलं होतं. चर्चचे पाळकसाहेब बाहेरच्यांशी ओळख करून देताना ‘हे आमचे उपासना सेवक’ म्हणायचे. काका लगेच खाली बघायचे. “मी पेटी वाजवतो हो,” ते पुटपुटायचे.

त्यांची एक रीत होती. उपासनेआधी ते दारात उभे राहायचे. सलाम झाला, हात हातात घेतला, की विचारायचे, “या आठवड्याचं काय?” दुकानात ‘काय दाखवू?’ विचारावं तितक्या सहज. लोक थांबून आठवायचे. कुणी म्हणायचं, नळाचं पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं. कुणी म्हणायचं, पोरगा गणितात सुटला. कुणाची नोकरी कायम झाली, कुणाच्या सासूनं चहाला नावं ठेवली नाहीत. काका मान हलवायचे आणि पुढच्या माणसाकडं वळायचे.

मग अर्ध्या तासानं, उपकारस्तुतीच्या वेळी, ते सगळं पेटीतून बाहेर यायचं. ध्रुवपद आम्ही सगळे म्हणायचो. ‘तू दिलंस, आम्ही घेतलं, ओंजळ पुन्हा पुढं.’ मधली कडवी काका तिथल्या तिथं रचायचे. दुसऱ्या मजल्याचं पाणी, सासूचा चहा. ज्याची ओळ असे तो मान खाली घालून हसायचा आणि त्याच्या बाकावरचे त्याला कोपरानं ढोसायचे.

बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून एक बाई महिन्यातून एकदा यायची, डोक्यावर भाजीचं गाठोडं घेऊन. एका उन्हाळ्यात ती दारात काकांना म्हणाली, “भाऊ, धरनाचं पानी उतारलं. आमची बुडालेली हीर दिसली.” एवढंच. त्या दिवशी काकांनी विहिरीचं कडवं म्हटलं, तेव्हा कुणी कुणाला ढोसलं नाही. ती बाई मात्र ताठ बसून ऐकत होती, जणू तिची विहीर नीट सांगितली जातेय की नाही हे तिला बघायचं होतं.

सेठलाही याचा पत्ता लागला. “अरे साईं, गाने में हमारा भी कुछ डालो,” तो म्हणाला. दुकानात नुकताच थंड पाण्याचा कूलर बसला होता. काकांनी पुढच्या रविवारी कूलर गायला. सोमवारी सेठनं सगळं कडवं त्यांच्याकडून काउंटरवर म्हणवून घेतलं, गिऱ्हाइकांसमोर. हे काकांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

माझ्या वडिलांनी एकदा विचारलं, “मास्तर, हे लिहून का ठेवत नाही?”

“पुढच्या रविवारी शिळं होतं ना,” काका म्हणाले.

त्यामुळं आज त्यांतलं काहीच कुठं सापडणार नाही. काकाही नाहीत. त्यांचं स्वतःचं एक कडवं तेवढं माझ्याकडं आहे. ते मी इथं लिहिणार नाही.

आता माझं सांगते, थोडक्यात. मी इंग्रजी शाळेत शिकले. पंधरा-सोळा वर्षांची असताना पाळकसाहेबांनी मला स्तोत्र वाचायला उभं केलं. पुस्तकात आकडा होता ५९. मी मोठ्यानं म्हटलं, “स्तोत्र एकोणसत्तर.” मंडळीनं एकोणसत्तरावं उघडलं. मी एकोणसाठावं वाचायला लागले. आळीपाळीनं वाचायची पद्धत होती, त्यामुळं मी एक ओळ या स्तोत्रातली म्हणायची आणि उत्तर त्या स्तोत्रातलं यायचं. काही वेळ कुणालाच उलगडेना. मग मागून पोरांचं हसू सुरू झालं. बाहेर पडताना काका आईला म्हणाले, “आज एकाच्या भावात दोन स्तोत्रं मिळाली.” आई हसली. मीही हसले. त्यानंतर मात्र मी त्या चर्चमध्ये चारचौघांत तोंड उघडलं नाही.

काका मला वगळत नसत. मी मोठी झाले, कल्याणला एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, तरी दर रविवारी दारात तोच प्रश्न.

“या आठवड्याचं काय?”

“काही नाही, काका.”

“बरं. काही नाही, तर काही नाही.”

आणि ते पुढं वळायचे. आवाजात ना नाराजी, ना आग्रह.

सांगण्यासारखं नव्हतं असं नाही. ऑफिसात मी एका कोपऱ्यात बसायचे. मशीन सोडून माझ्याशी दिवसभर कुणी बोलायचं नाही. घरी आम्ही चौघं, आणि बोलणं वाढण्यापुरतं. आमटी दे, मीठ दे. शाळेतली एकुलती एक मैत्रीण लग्न करून गेली आणि तिची पत्रं हळूहळू थांबली. हे दारात उभं राहून कसं सांगणार, आणि त्याची उपकारस्तुती तरी कशी व्हायची?

काकांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. ती पहिल्या बाकावर बसायची आणि ध्रुवपद सगळ्यांच्या थोडं आधी सुरू करायची. काका पेटीवरून मान हलवून तिला मागं ओढायचे. ती ऐकायची नाही. “तुमची पेटीच म्हातारी झालीय,” ती सगळ्यांसमोर म्हणायची. “पेटी तुझ्याहून लहान आहे,” काका म्हणायचे. हे भांडण आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यानंतरच आम्हाला उपासना संपल्यासारखी वाटायची.

मग तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दोन-तीन महिने ती दिसली नाही. मग एका रविवारी काका तिला रिक्षातून घेऊन आले, खिडकीजवळ हाताची खुर्ची ठेवली, पदर नीट केला. त्या दिवशी उपकारस्तुतीत सगळी कडवी झाल्यावर ते थांबले नाहीत. अजून एक कडवं त्यांनी वाजवलं, नुसतंच. शब्द नाहीत. आम्ही गोंधळून एकमेकांकडं पाहिलं. खुर्चीवर काकूचा डावा हात पर्सवर हळूहळू ताल धरत होता. ते पाहिल्यावर कुणी काही विचारलं नाही. कडवं संपलं, आम्ही ध्रुवपद म्हटलं.

तेव्हापासून शेवटचं कडवं तसंच राहिलं. पाळकसाहेबांनी एकदा विचारल्याचं मी ऐकलं आहे. काका म्हणाले, “घरी मी तिला विचारतो, या आठवड्याचं काय. ती बघते माझ्याकडं. तिचं असणारच की काहीतरी. मग जागा ठेवायला नको?”

ती जागा काकूची होती, हे मला माहीत होतं. तरी मी तीत शिरले. ती बोटं चालू असेपर्यंत मी माझा आठवडा मनातल्या मनात सांगायचे, अर्धा इंग्रजीत. मैत्रिणीचं पत्र आलं नाही. दुपारी डबा एकटीनं खाल्ला. परवा टाइप करताना खिडकीत साळुंकी येऊन बसली होती. सगळं त्या सुरांत मावायचं. मग मोठ्यानं ‘ओंजळ पुन्हा पुढं’ आलं की मीही ओठ हलवायचे.

तर हंगामाच्या सणाचा तो रविवार. पाळकसाहेबांचा पुतण्या अजित पुण्याला शिकत होता. तो सुट्टीत कीबोर्ड घेऊन आला होता. मुलगा चांगला, हसतमुख, आल्या आल्या खुर्च्या लावायला लागणारा. काकांनीच त्याला शेजारी जागा करून दिली. पहिल्या कडव्यांना त्यानं सुरेख साथ दिली. मग शेवटचं कडवं आलं आणि काकांचं तोंड मिटलेलं पाहून त्यालाही त्या मागच्या बाईसारखंच वाटलं. म्हाताऱ्या माणसाची फजिती होऊ नये म्हणून त्यानं झटकन त्याच चालीवर एक इंग्रजी कोरस उचलला. आवाज मोकळा होता. तरुण मुलं टाळ्या वाजवायला लागली, मग पाहुणे, मग बाकीचे.

मी काकूच्या हाताकडं बघत होते. तो पर्सवर तसाच थांबला. मग तिनं तो उचलून निर्जीव हातावर ठेवला.

काकांनी भाता मिटला आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

लिलाव चालू असताना अजित त्यांच्याजवळ आला. “काका, घाबरू नका, मी सांभाळून घेतलं.”

“छान गातोस,” काका म्हणाले. “गळा जप.”

कुणीतरी त्याला नंतर सांगितलं असतं, तर तो रडला असता, इतका तो भला होता. कुणी सांगितलं नाही. खरं तर गाणं सगळ्यांना आवडलं होतं. पुढच्या रविवारी शेवटचं कडवं काकांनी स्वतःच सोडून दिलं. पाळकसाहेब म्हणाले, “बरं झालं मास्तर, वेळ वाचला. मुलांना दोन गाणी देता येतील.” काकांनी मान हलवली. दारात ते अजून उभे राहायचे, अजून विचारायचे. पण माझं ‘काही नाही’ आता खरोखरच कुठं जात नव्हतं.

त्याच थंडीत काकू गेली. काका त्यानंतर पेटीवर बसले नाहीत. काही रविवार शेवटच्या बाकावर दिसले, मग तेही नाही. मंडळीत चौकशी व्हायची. “मास्तर कसे आहेत?” “असतील बरे.” मुलगा मस्कतला होता, तो घेऊन जाईल असं सगळे म्हणायचे. पुढं त्यानं खरंच नेलं, आणि ते तिकडंच वारले. पण त्याआधी ते बरेच महिने बदलापूरला, खरवईच्या त्यांच्या नव्या खोल्यांत एकटेच होते.

एका शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर मी परस्पर तिकडं गेले. घरी सांगितलं नव्हतं. त्या बाजूला इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. जिन्याला रंग नव्हता. काकांनी दार उघडलं आणि आधी माझ्या मागं पाहिलं, आई असेल म्हणून.

“एकटीच?”

“हो.”

“ये, ये. सलाम.”

त्यांनी चहा ठेवला. कप तीन काढले, मग एक परत फळीवर ठेवला. पेटी खिडकीखाली होती, तिच्यावर काकूची शाल घडी घालून ठेवलेली. मुलाचा फोन शेजाऱ्यांकडं येतो, म्हणाले. सेठ भेटायला आला होता, रेफ्रिजरेटर घ्या म्हणाला, स्वस्तात मिळवून देतो. भाजी अजून दोघांची आणली जाते, म्हणाले, आणि हसले. मी कपाकडं बघत बसले. मी मनातल्या मनात त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होते. या वेळी माझ्याकडं उत्तर होतं, लोकलमध्ये जुळवलेलं.

त्यांनी विचारलंच नाही.

मी उठले. चप्पल घातली. “आईला सलाम सांग,” ते दारात उभे राहून म्हणाले. तसेच, एक हात चौकटीवर, चर्चच्या दारात उभे राहायचे तसे. इतकी वर्षं ते तसे उभे होते आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोरून आमचं आमचं देऊन आत जात होतो. पाणी, गणित, नोकरी, विहीर, कूलर. त्यांच्या हातात उलटं काही ठेवलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मी दोन पायऱ्या उतरले होते. थांबले. माझा आवाज त्या रिकाम्या जिन्यात मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“काका, या आठवड्याचं काय?”